पांढऱ्या साडीचा कॅमेरा, धावत्या पायांचा कॅमेरा

दादा,

नळाला पाणी आलं आहे आणि तुम्ही लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून उकिडवे बसला आहात, समोर एनॅमलची मोठी परात. परातीत आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकांचे फोटो तरंगताहेत, त्यांच्यावर नळाची बारीक धार धरलेली, आणि तुम्ही बोटाच्या टोकाने एकेकाला उलटं-सुलटं करताय. मी हंडा घेऊन मागे उभी. माझ्यामागे चाळीतल्या बायकांची रांग. फोटोतलं औषध पूर्ण धुऊन निघालं नाही तर काही वर्षांत चेहरे पिवळे पडतात, हे तुम्ही मला सांगितलं होतं, पण रांगेतल्या बायकांना ते कोण सांगणार? "अहो फोटोवाले," कोपऱ्यावरच्या खोलीतली वहिनी ओरडते, "तुमच्या फोटोंच्या आंघोळी झाल्या असतील तर आमच्या पोरांच्या होऊ द्या की!" तुम्ही मान वर न करता म्हणता, "झालंच वहिनी, नवरीचं डोकं तेवढं राहिलंय." सगळी रांग हसते. मग मी हंडा भरते, तुम्ही परात उचलता, आणि घरात आल्यावर मी दोरीवर फोटो वाळत घालते, एका फोटोला एक चिमटा. आई चहा गाळता गाळता कुरकुरते, की तिच्या चिमट्यांना औषधाचा वास येतो आणि तोच मग लुगड्याला लागतो. केर, भांडी, पाणी, फोटो. मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांच्याच घरी सकाळी हे काम असतं.

आज ती सकाळ आठवायचं कारण, माझ्या ओट्यावर दोन कॅमेरे ठेवलेले आहेत आणि त्यातला एक मला देऊन टाकायचा आहे. दोन्ही तुमच्या जावयाचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. जाण्याआधी दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी आपल्या जोडीदाराला सांगितलं होतं, "माझ्यामागे ह्या दोघांतला एक तुझा." कुठला ते सांगितलं नाही. मी उशाशीच बसले होते, मीही विचारलं नाही. तेव्हा कॅमेऱ्यांचं कुणाच्या मनात होतं! हा जोडीदार म्हणजे त्यांच्याबरोबर कितीतरी वर्षं लग्नाच्या ऑर्डरी करणारा माणूस. मी त्यांना भाऊजी म्हणते. तीन वर्षांत त्यांनी एकदाही विषय काढला नाही. गेल्या रविवारी मात्र आले, चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि बशीकडेच बघत म्हणाले, "वहिनी, माझ्या कॅमेऱ्याचं शटर गेलं. रिपेरवाला बोलतो, आता याच्यात जीव नाही. पुढच्या रविवारी दादरच्या हॉलवर लग्न आहे, आपल्यातलंच. तुमच्या मनात नसेल तर राहू दे हां, मी भाड्याने आणीन."

मी म्हटलं, "अहो, तुमचाच आहे तो. कुठला हवा ते सांगा."

"कुठलाही चालेल. तुम्हाला नको असेल तो द्या. शनिवारी येतो."

मला नको असेल तो. दादा, इथेच सगळं अडलं. फोटोवाल्याची मुलगी, फोटोवाल्याची बायको, आणि मला यातला कुठला हवा हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. तेव्हा हा आठवडा मी दोन्ही कॅमेऱ्यांचा अभ्यास करण्यात घालवला, आणि काय काय सापडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय, कारण ते ऐकण्यात तुमच्याइतका रस घेणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. लेकीला फोनवर सांगायला गेले तर ती म्हणाली, "आई, ते दोघंही म्हातारे झाले गं. आता आतमध्ये आरसा नसलेले कॅमेरे आलेत." म्हटलं, म्हातारी तर मीही झालेय, म्हणून काय मला कुणी बघायचं नाही?

तुम्ही गेलात तेव्हा रोलचेच दिवस होते, म्हणून आधी थोडं समजावून सांगते. बाहेरून हे कॅमेरे तुमच्या नंतरच्या, गळ्यात अडकवायच्या कॅमेऱ्यासारखेच दिसतात. लेन्स फिरवून काढता येते, आत आरसा आहे, बटण दाबलं की आरसा वर उडतो आणि शटर उघडतं. फरक एवढाच की पाठीमागे जिथे फिल्म ताणून बसायची तिथे आता एक काचेसारखी चकती आहे. उजेड तिच्यावर पडतो आणि फोटो लगेच मागच्या छोट्या पडद्यावर दिसतो. धुणं नाही, परात नाही, रांग नाही. रोल वाया जायची भीती नाही. तुम्ही हे बघितलं असतं तर पहिल्यांदा काय विचारलं असतं याचा मी खूप विचार केला. मला वाटतं तुम्ही विचारलं असतं, "मग माणूस आता हलू नका कशाला म्हणेल?"

घरात आम्ही या दोघांना मोठा आणि धाकटा म्हणत आलो. मोठ्याच्या आतली चकती तुमच्या फिल्मच्या एका फ्रेमएवढी आहे, धाकट्याची त्याहून बरीच लहान. त्यामुळे मोठा अंधारात चांगला बघतो आणि धाकटा अंधारात चाचपडतो. पण धाकटा चपळ आहे. बटण दाबून धरलं की सेकंदाला आठ फोटो काढतो. मोठा त्याच्या निम्मेसुद्धा काढत नाही. हे दोन्ही एकाच महिन्यात घेतले होते, जुन्या बाजारातून, कुणीतरी वापरून सोडलेले. मोठा लग्नासाठी आणि चेहऱ्यांसाठी, धाकटा कबड्डीच्या सामन्यांसाठी. आमच्या लालबाग-परळच्या बाजूला कबड्डीचे सामने म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. रोल संपल्यापासूनचे घरातले माझे जेवढे फोटो आहेत ते सगळे मोठ्यातून काढलेले. आणि मोठ्याच्या पाठीवर उजवीकडे, जिथे अंगठा टेकतो, तिथला काळा रंग झिजून आतला धातू दिसतो. चण्याएवढी जागा आहे. तो ह्यांचा अंगठा. भाऊजींनी "नको असेल तो" म्हटलं, तेव्हा मला आधी ती जागाच दिसली, आणि मी मनात ठरवूनही टाकलं, की धाकटा जाईल, मोठा राहील. यात विचार करण्यासारखं काही नाही, असं मला वाटलं होतं.

पण द्यायचा तर साफ करून द्यावा, म्हणून कॅमेरे बाहेर काढले. इथे एक गंमत सांगायची आहे. आई तुमची लेन्स पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात ठेवायची, आठवतं? तांदूळ दमटपणा ओढून घेतो आणि काचेला बुरशी धरत नाही. हे गेल्यावर मीही तेच केलं. दोन्ही कॅमेरे मलमलच्या फडक्यात गुंडाळून वर्षाच्या तांदळाच्या मोठ्या डब्यात खुपसून ठेवले. फरक एवढाच, की आई तांदळात कडुनिंबाचा पाला घालायची आणि मी घालते बोरिक पावडर. फडक्यातून पावडर आत गेली. बटणांच्या फटीत, चाकांच्या खाचेत, पट्ट्याच्या शिवणीत, सगळीकडे पांढरं. ठाकूरद्वारला एक जुना कॅमेरा दुरुस्त करणारा आहे, त्याच्याकडे पिशवी घेऊन गेले. त्याने भिंग लावून बघितलं, बोट फिरवलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काकी, एक बरं केलंत. ह्याला आता पोरकिडे लागणार नाहीत." दुकानातली दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. मीही हसले, दुसरं काय करणार. त्याने फुंकणीने आणि बारीक ब्रशने तासभर बसून साफ केलं. पावडर यंत्राच्या आत गेली नव्हती, नशीब. जाताना म्हणाला, "कॅमेरा डब्यात ठेवून मरतो, काकी. चालवा. रोज दोन फोटो काढा."

आता त्याला काय सांगणार, की मी कॅमेऱ्याचं बटण शेवटचं दाबलं तेव्हा परकरात होते.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल की नाही, मला ठाऊक नाही. मला पूर्ण आठवतो. स्टुडिओत विहारातून थेट आलेलं लग्नाचं वऱ्हाड, सगळे पांढऱ्या कपड्यांत, मागे तुमचा तळ्याचा आणि राजहंसाचा पडदा. नवरा-नवरी खुर्च्यांवर, बाकीचे मागे उभे, आणि पुढच्या स्टुलावर नवरीची धाकटी बहीण, पांढऱ्या फ्रॉकात. तुम्ही दिवे लावलेत, फोकस केलात, शटरची तार माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "बाय, मी तीन म्हटलं की दाब." पहिल्यांदाच. मी श्वास रोखून धरला. तुम्ही एक म्हणालात, दोन म्हणालात, आणि त्या पोरीने स्टुलावरून उडी मारली. हात वर, फ्रॉक फुललेला, तोंड उघडं. इतकी छान दिसली ती, की मी दाबलं. तुम्ही पोरीला उचलून परत स्टुलावर बसवलंत. दुसरी फ्रेम स्वतः काढलीत. ते गेल्यावर पडदा गुंडाळता गुंडाळता म्हणालात, "फोटो घ्यायचा असतो बाय, झडप घालायची नसते. तुझ्या हाताला धीर नाही." आवाज चढला नव्हता. पण मी त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावला नाही. लग्न फोटोवाल्याशी झालं तरी नाही. हे कितीदा म्हणाले, घे, काढून बघ. मी म्हणायची, मला नाही जमत, माझ्या हाताला धीर नाही. आणि याच हातांनी चाळीस वर्षं हिंदमाताच्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावतेय, टाका दिसू न देता. ह्यांना त्याचं हसू यायचं.

तर मंगळवारी मी दोन्ही कॅमेऱ्यांची माहितीपुस्तकं काढली. इंग्रजी आहेत. डिक्शनरी घेऊन बसले. दहावीपर्यंतच शिकले, बाकीचं वाचून वाचून आलं, आणि यंत्राचं पुस्तक वाचायला मला कधी कंटाळा येत नाही. शिलाई मशीनचंही मी पुरतं वाचलं होतं. मग एक लेन्स घेतली आणि तीच दोघांना आलटून पालटून लावली, म्हणजे फरक कॅमेऱ्याचा कळेल, लेन्सचा नाही. फरशीच्या एकाच चौकोनावर उभं राहायचं, समोरच्या गॅलरीत बसलेल्या आजीचा फोटो काढायचा. ही आजी मालवणची, सकाळी कोळंबी सोलायला बसते. मोठ्यात ती, तिची परात, मागची दोरी, दारातलं मांजर, सगळं आलं. तेच धाकट्यात केलं तर आजी एकदम जवळ सरकली, नुसता चेहरा आणि हात. मी पाऊल हलवलं नव्हतं. पुस्तक पुन्हा बघितलं तेव्हा कळलं, की लेन्स तेवढंच चित्र आत टाकते, पण धाकट्याची चकती लहान म्हणून तो त्यातला मधलाच तुकडा उचलतो. म्हणजे एकच खिडकी, एक जण ती पूर्ण उघडून बघतो आणि दुसरा फटीतून. इतका आनंद झाला मला, दादा, हे समजल्यावर. आजी मात्र वैतागली. "काय गो, सकाळपासून दोन-दोन मिशनी लावून बसलंस! माझो फोटो कित्याक इतको? भिंतीर लावूक? अजून जिवंत आसंय मी!"

"कोळंबीचा काढतेय, आजी."

"मगे ठीक आसा. तिचो काढ. ती मेलीच आसा."

बुधवारी संध्याकाळी पांढऱ्याची परीक्षा घेतली. आपल्या लग्नांत नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्यात, निम्मं वऱ्हाड पांढऱ्यात, आणि हॉलमध्ये पिवळे दिवे. पांढऱ्यात पांढरं वेगळं दिसलं पाहिजे, असं तुम्ही म्हणायचात: काठ कुठे, निरी कुठे, पदर कुठे. मी माझी लग्नातली साडी काढली, दरवाजाच्या खिळ्याला निऱ्या पाडून लटकवली आणि ट्यूबलाइटमध्ये दोघांनी काढून बघितली. दोघांनीही आधी साडी मळकी केली, राखेसारखी. मला वाटलं बिघडले. पुस्तकात सापडलं: कॅमेऱ्याला खूप पांढरं दिसलं की तो समजतो उजेड जास्त झाला, आणि आपणहून उजेड कमी करतो. त्याला सांगावं लागतं, बाबा रे, हे पांढरंच आहे, थोडा जास्त उघड. आणि रंग बरोबर यायला आधी त्याला एक पांढरी वस्तू दाखवावी लागते. माझ्याकडे फॉलचे तुकडे ढिगाने. दुधी, मोतिया, निळीचा, सगळे पांढरे माझ्या हाताखालून गेलेत. एक शुद्ध पांढरा निवडून दाखवला. मग काय सांगू! मोठ्याने साडी अशी दिली, की चाळीस वर्षांपूर्वी आईने घातलेला पदराचा टाका मला दिसला, जो डोळ्यांनीसुद्धा शोधावा लागतो. धाकट्याने दिली ती दाणेदार, रवा सांडल्यासारखी. निऱ्या एकमेकींत मिसळलेल्या. त्या क्षणी मला वाटलं, संपलं, ठरलं. ह्यांचा अंगठाही यावर, माझी साडीही यातच नीट येते, आणि तुमची शिकवणही याच्याच बाजूची. सावकाश, एकेक, बघून. मोठा माझा.

गुरुवारी धाकट्याला न्याय द्यावा म्हणून त्याला घेऊन मैदानावर गेले. सकाळी मुलींचा कबड्डीचा सराव असतो तिथे. मोठाही पिशवीत होता. ह्यांना ओळखणाऱ्या मुली, त्यांनी कॅमेरा बघितला आणि गराडा घातला. "काकू, तुम्ही काढणार? खरंच?" "काकू, हिचा नको हां, ही रेड टाकायला जाते आणि सॉरी बोलून परत येते!" "ए गप, काकू, माझा काढा, माझी तंगडी बघा कशी जाते!" आधी मोठ्याने सुरुवात केली. एक मुलगी चढाईला गेली, चौघींनी तिला धरलं, ती ओढत, सरपटत मधल्या रेषेकडे हात लांबवतेय. मी दाबलं. हात हवेत. पुन्हा दाबलं तोवर सगळ्या एकमेकींवर पडून हसत होत्या. मधलं जे घडलं ते गेलंच. मग धाकटा घेतला. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे शटर जलद केलं, बटण दाबून धरलं. दादा, तो आवाज! खट-खट-खट-खट, जणू माग चालू झाला. आणि पडद्यावर एकामागून एक: हात हवेत, हात खाली, बोटं रेषेच्या अलीकडे, बोटं अजूनही जराशी अलीकडेच, आणि एका फोटोत मधल्या बोटाचं टोक रेषेवर. माती उडालेली, तिचा एकेक कण स्थिर. तिकडे वाद चालू झाला होता. ती मुलगी ओरडत होती, "सर, मी टेकले होते! आईशपथ टेकले होते!" सर म्हणत होते आऊट. मी कॅमेरा पुढे केला. सरांनी बघितलं, डोकं खाजवलं. मुलींनी एकच गिल्ला केला, "थर्ड अंपायर काकू! थर्ड अंपायर काकू!" मी उन्हात तासभर उभी होते. घरी आले तेव्हा चहा प्यायचा राहिला होता हे लक्षात आलं.

दुपारी पुस्तक पुन्हा उघडलं आणि शटरच्या वेगाचा तक्ता वाचताना मला एकदम तुमचा स्टुडिओ आठवला. तुमचे दिवे ते केवढेसे, लेन्स जुनी, फिल्म मंद. तुम्ही "स्टेडी" म्हणायचात, सगळ्यांना श्वास रोखायला लावायचात आणि शटर उघडं ठेवायचात, अर्धा अंक मोजण्याइतका वेळ. तेवढ्या वेळात उडी मारणारं पोर कधीच स्थिर आलं नसतं. तुम्ही दाबलं असतंत तरी नाही, जगातल्या सगळ्यात धीराच्या माणसाने दाबलं असतं तरी नाही. म्हणजे प्रश्न असा आहे, दादा, आणि रागाने विचारत नाहीये, खरंच जाणून घ्यायचंय: माझ्या हाताला धीर नव्हता, की तुमच्या शटरला वेग नव्हता? तुम्ही जे मला शिकवलंत ते फोटोबद्दल होतं की तुमच्या कॅमेऱ्याबद्दल? माणूस ज्या यंत्रावर पोट भरतो त्याच्या मर्यादेलाच नियम म्हणत असेल का? मीही म्हणत असेन. फॉलचा टाका दिसता कामा नये हे मी किती पोरींना ओरडून सांगितलंय, आणि आता मशीनवर टाका दिसतो आणि कुणाला काही वाटत नाही.

आणि आणखी एक. तो वाया गेलेला फोटो तुम्ही टाकला नव्हतात. धुतलात, वाळवलात आणि काळोख्या खोलीच्या दाराला आतून चिकटवलात. बाकी सगळे स्थिर, पांढरे, गंभीर, आणि पुढे ती पोरगी नाहीच, नुसता पांढरा झोत, पिंजलेला कापूस वाऱ्यावर सुटावा तसा. मी आत आले की तो समोर यायचा. मला वाटायचं, माझी चूक मला रोज दिसावी म्हणून लावलाय. तुम्ही गेल्यावर स्टुडिओ मोकळा केला तेव्हा तो दाराला इतका घट्ट बसला होता, की निघेना. मी नखही लावून बघितलं नाही. दार भंगारवाला घेऊन गेला. आता या वयात वाटतं, त्या खोलीत माझ्यापेक्षा जास्त वेळ तुम्ही असायचात. दार लावून, लाल दिव्यात, तासन् तास. ओरडा द्यायचा फोटो कुणी स्वतःच्या डोळ्यांसमोर एवढी वर्षं ठेवतं का? चेहरे पिवळे पडू नयेत म्हणून रांगेतल्या बायकांची बोलणी खाणारा माणूस, त्याने तोही तितकाच नीट धुतला होता. शेवटपर्यंत पांढरा होता तो. का लावला होतात, दादा? मी विचारलं असतं तर सांगितलं असतंत का?

आज शनिवार. दोघंही पुसून ओट्यावर ठेवलेत. संध्याकाळी भाऊजी येतील. माझं मन धाकट्याकडे आहे आणि माझा अंगठा मोठ्यावरच्या त्या झिजलेल्या जागेवर जाऊन बसतोय. बरोबर मावतो. देऊन टाकला तर ह्यांच्या हाताची एवढीच खूण घरातून जाईल. ठेवला तर मी तो कपाटात ठेवीन, अधूनमधून अंगठा लावून बघीन, आणि तो ठाकूरद्वारचा माणूस म्हणाला तसं होईल.

काल इथपर्यंत लिहिलं आणि भाऊजी आले. मी मोठा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी हात लावला नाही. "वहिनी, हा नको. हा त्याचा आहे. ह्याच्यावर त्याचा अंगठा आहे."

"दोन्ही त्यांचेच आहेत. पांढरी साडी यातच नीट येते. धाकट्याने हॉलमध्ये काढलात तर नवरी रव्याची दिसेल."

"तुम्ही काढून बघितलं?"

"आठवडाभर."

ते हसले आणि हसता हसता डोळे पुसले. "तो असता तर बोलला असता, घरात इन्स्पेक्टर बसवलाय." मग त्यांनी मोठा उचलला. त्यांचा अंगठा जाड, झिजलेल्या जागेच्या थोडा बाहेर येत होता. मी फॉलचा तो पांढरा तुकडा घडी करून त्यांच्या खिशात दिला आणि आधी तो कॅमेऱ्याला दाखवायचा हे समजावलं. दारात चपला घालताना त्यांनी विचारलं, "पण हा तुमच्याकडे असावा असं मला वाटलं होतं, वहिनी. तुमचे सगळे फोटो ह्यातलेच ना?" मी म्हटलं, "हाताला जड होतो हो." त्यांनी मान डोलावली.

जड होत नाही, दादा. मी हंडे वाहिलेत. मला धाकटा हवा होता, बस. ह्यांची आठवण म्हणून नाही, तुमची म्हणून नाही, मला तो आवडतो म्हणून. हे भाऊजींना सांगता आलं नाही. तुम्हाला लिहून सांगतेय तेही पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही म्हणूनच.

आज सकाळी मी धाकटा घेऊन मैदानावर गेले. शटर वाढवायला विसरले, त्यामुळे बरेच फोटो वाया गेले. त्यातल्या एकात चढाईला निघालेली मुलगी ओळखूच येत नाही, तिच्या पांढऱ्या टीशर्टचा नुसता झोत आलाय. दादरला जाऊन मी त्याची प्रिंट काढून आणली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.